पाणकावळ्यांचा हिवाळा

हल्ली तळ्यावर माणसं दुर्बिणी घेऊन येतात. सकाळच्या गाडीने बोईसरला उतरायचं, रिक्षा करायची आणि बांधावर ओळीने उभं राहून पाण्याकडे बघत राहायचं. परवा त्यांच्यातल्या एका बाईने मला विचारलं, "आजी, हे पाणकावळे इथे कधीपासून येतात हो?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? त्यांनाच विचार." ती हसली आणि तिने बरोबरच्यांनाही ते सांगितलं. म्हातारी गमतीची आहे असं त्यांना वाटलं असावं. मी गंमत केली नव्हती. मला राग आला होता.

कधीपासून येतात ते मला नेमकं माहीत आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी याच बांधावर उभी होते. माझ्या डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली होती, आणि शेजारी जानी होती.

साठ साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. तारापूरकडे काहीतरी मोठं बांधणार, अशी नुसती बोलणी ऐकू यायची. बोईसर म्हणजे स्टेशन, चार दुकानं आणि गवताच्या गंजी. मी समुद्रकाठच्या दांडीची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवऱ्याने एडवणला दुसरं घर केलं आणि मी भावांच्या पडवीत परत आले. तिसऱ्या दिवशी टोपली उचलली, कारण भावजयीच्या हातची भाकरी तिसऱ्या दिवसानंतर घशाखाली उतरत नाही. गावातल्या बाकीच्या बायका पालघरच्या नाहीतर बोईसरच्या बाजारात बसायच्या. तिथे बसायच्या हातभर जागेवरून झिंज्या धरण्यापर्यंत पाळी यायची. मी दोन दिवस भांडले आणि तिसऱ्या दिवशी रूळ ओलांडून पूर्वेला चालू लागले, मनोरच्या वाटेला. तिकडे सुकी मासळी घेऊन नेमाने कोणी जात नव्हतं. पुढे माझं दुकान झालं, घर झालं, ते सगळं त्या एका वळणामुळे. ते वळण मला कोणी दाखवलं नव्हतं.

त्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी हे तळं. काठावर वारल्यांची दहा-बारा कुडाची घरं. पहिलं घर जानीचं. ती माझ्याच वयाची, माझ्याहून काळी, माझ्याहून सडपातळ, आणि तोंडाने माझ्याहून तिखट. नवरा, दोन पोरी आणि सासरा लाडक्याबाबा, एवढं तिचं घर. मी बोंबील आणि सुकट द्यायची, ती वाल, तूर, कधी भात द्यायची. पैसा आमच्या मध्ये कधी आला नाही. मध्ये यायचा तो भाव.

"काय गं दांडीवाली, बोंबील आणलेस का काटक्या?"

"काटक्या तुझ्या चुलीला. घ्यायचे नसतील तर हाताळू नको, वास उडतो."

"उडू दे. टोपली हलकी होईल, तुझीच मान वाचंल."

"शेरभर वाल काढ."

"शेरभर? वाल काय माझ्या उशाला पिकतात?"

हे असं उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालायचं. मी टोपली उचलून दहा पावलं जायची, ती पाठीमागून "जा, जा, वाटेत कावळे घेतील" म्हणायची, मी परत यायची. लाडक्याबाबा करंजाच्या झाडाखाली बांबूच्या कामट्या सोलत बसलेला असे. तो मान वर न करता म्हणायचा, "लगीन लावता काय बोंबलाचं? दुपार झाली." मग कुठेतरी जमायचं. ती आतून पाणी आणायची, नाचणीची भाकरी आणि तळ्यातल्या खवल्या मासोळ्या, मिठात लोळवून तव्यावर टाकलेल्या. आम्ही खायचो. घरी मला "आलीस?" यापलीकडे कोणी काही बोलत नसे. आठवड्यातून एकदा, या अंगणात, माझ्याशी कोणीतरी पोटभर बोलायचं.

ज्यांनी बाजार केला नाही त्यांना हे समजणार नाही. आमच्यात पहिला शब्द म्हणजे नुसती दारावरची थाप. तो कोणी खरा धरत नाही. पहिल्या शब्दाला "हो" म्हणणारा माणूस परका तरी असतो, नाहीतर रागावलेला. आणि पहिल्या शब्दाला आलेलं "नाही" हेही खरं नसतं. थांब, बस, परत माग, असा त्याचा अर्थ. मी हे आईच्या ओटीत शिकले. मला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं.

त्या वेळचं तळं मला अजून तसंच्या तसं दिसतं. मधोमध कमळाची पानं आणि त्यांवरून लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी. काठाच्या पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या, आत्ता होत्या आणि आत्ता नाहीत. एका मोडक्या खुंटावर खंड्या. एकच राखी बगळा, एकाच जागी, जणू त्याला कोणी तिथे उभं राहायला सांगून विसरून गेलं होतं. उथळ पाण्यात खवल्यांचे थवे एकदम वळायचे आणि पाण्याला आतून ऊन लागल्यासारखं व्हायचं. पश्चिमेच्या कोपऱ्यात लव्हाळ्याचं दाट रान होतं. तिथे माशांची पिल्लं वाढायची. जानी संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यात उतरून टोपली बुडवायची आणि घराला पुरेल एवढं घेऊन वर यायची. जास्त कधी नाही. या तळ्यावर तिचं घर उन्हाळा काढायचं. पलीकडच्या पाड्यांवरची माणसं भात झालं की मिठागरांवर, वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. जानी म्हणायची, "माझ्या पोरी कुणाच्या भट्टीवर नाय निजणार. माझं तळं हाय." ते ती इतक्या वेळा म्हणायची की मला तिचा हेवा वाटायचा. माझ्याकडे "माझं" म्हणावं असं टोपलीखेरीज काही नव्हतं.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. आम्ही दोघी बांधावर उभ्या होतो. सात-आठ काळे पक्षी पाण्यावर उतरले, मान तेवढी वर ठेवून पोहायला लागले आणि मग एकेक करून आत गेले.

"हे कुठले?" जानी म्हणाली.

"पाणकावळे. आमच्या खाडीत ढिगाने असतात."

"मंग ने तुझ्या खाडीला."

"मी आणले काय?"

"तुझ्या मागूनच आले. वासाला."

आम्ही हसलो. पक्षी पोट भरून करंजावर जाऊन बसले आणि त्यांनी ओले पंख पसरले. दांडीत वलांडीवर बोंबील वाळत घालतात ना, तोंडात तोंड अडकवून, ओळीने, तसे ते दिसत होते. मला ते आवडले, हे खोटं कशाला सांगू? घरापासून एवढ्या लांब घरचं काहीतरी दिसलं होतं.

पुढच्या खेपेला ते पन्नासाच्या वर होते. त्याच्या पुढच्या खेपेला मोजण्यापलीकडे. ते कसे मासे धरतात ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कोळ्यांनी रापणीचं लांब जाळं ओढावं तशी ते रांग धरायचे, तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत अर्धगोल, आणि बुड्या मारत मारत मासळीला उथळ पाण्यात रेटत न्यायचे. तिथे पांढरे बगळे आधीच येऊन उभे असायचे. त्यांना कोणी बोलावलं होतं कोण जाणे. पाण्यातून उडालेला मासा बगळ्याच्या चोचीत, चोचीतून निसटलेला घारीच्या पायांत. आवाज मात्र काही नाही, नुसतं पाणी फाटल्याचा आवाज. पहिले काही दिवस पाड्यावरची माणसं काम सोडून ते बघायची. मग बघायची थांबली.

त्या हिवाळ्यात तळ्यातलं एकेक जण उठून गेलं. आधी टिबुकल्या गेल्या. खंड्या खुंट सोडून शेतातल्या विहिरीवर जाऊन बसला, तिथे बेडकांवर भागवायला लागला. राखी बगळा दिसेनासा झाला. करंजाची पानं आधी चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी झाली आणि मग गळली. लाडक्याबाबाने कामट्यांचा पसारा उचलून पडवीत नेला. झाडाखालच्या पाण्यावर हिरवी साय धरली. चोचीतून पडलेल्या माशांसाठी दिवड तिथे गोळा व्हायला लागले, पाण्यातले ते साप, मुळांसारखे गुंतून पडलेले. डासांच्या अळ्या खाणारे मासेच उरले नाहीत, म्हणून पौषात डास एवढे झाले की दिवेलागणीला काठावर उभं राहवेना. गोगलगायी मात्र वाढल्या. कमळं वाढली. एका पक्ष्याने एवढं सगळं हलतं हे मला माहीत नव्हतं. खाडीत हेच पक्षी कोणाचं काही बिघडवत नाहीत. खाडी मोठी. पावसाळा सरला की तळ्याला मागून येणारं पाणी नव्हतं.

आणि माझी टोपली वाटेतच रिकामी व्हायला लागली. तळ्यात खवल्या होत्या तेव्हा माझे बोंबील तोंडी लावायला होते, आता त्यांच्यावर जेवण होतं. मी आठवड्याच्या दोन खेपा सुरू केल्या. भाव चढा सांगायला लागले आणि खाली कमी उतरायला लागले. धंदा करणाऱ्या कोणीही तेच केलं असतं. हे मी तेव्हा म्हणत होते, आजही म्हणते.

माघात पाणी ओसरलं आणि पक्षी लव्हाळ्याच्या कोपऱ्याकडे वळायला लागले. आतापर्यंत तिथल्या दाट पात्यांत त्यांना शिरता येत नव्हतं. एके दिवशी माप होऊन गेलं, आम्ही भाकरी खात होतो, आणि जानी म्हणाली, "तुमच्याकडं फाटकी जाळी पडलेली असतात नाय? बाबा म्हणतो, कोपऱ्यावर बांधली तर आतली पिल्लं राहतील. तेवढ्यावर आमी काढू पावसापावतर."

दांडीत फाटक्या जाळ्यांना तोटा नव्हता. कुंपणाला बांधायची, कोंबड्यांवर टाकायची, पोरं त्यांत लोळायची. देणं काही अवघड नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि हसून म्हटलं, "फुकट? जाळं काय माझ्या उशाला पिकतं?"

तिचंच वाक्य मी तिला परत केलं होतं. आता ती काहीतरी झणझणीत बोलेल, मी बोलेन, बाबा लग्नाचं बोलेल, असं धरून मी बसले. जानीने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि ताटली उचलून आत गेली.

मी हातातला तुकडा संपवला. मग उठले.

घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी मी भावाचं जुनं सुती जाळं मागितलं, सालीच्या पाण्यात बुडवून तांबडं केलेलं. भावजय म्हणाली, "कोणाच्या बापाचं आहे?" त्यावर आमचं जे भांडण झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. जाळं मी मिळवलं. गुंडाळून पडवीत माझ्या अंथरुणाशी ठेवलं. पण पुढच्या खेपेला ते नेलं नाही. ती परत विचारील, मी दोन गोष्टी ऐकवीन, ती चार ऐकवील आणि मग मी म्हणेन, घे बाई, आणलंय. असं माझ्या मनात सगळं मांडून तयार होतं. तिने विचारलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. जाळं पडवीत आणि मी टोपली घेऊन तळ्यावर. न विचारता कसं द्यायचं? आपणहून नेऊन टाकलं तर ते भीक घातल्यासारखं होईल, असंही मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला राग यायला लागला होता. एवढी कसली मिजास? एकदा परत विचारलं असतं तर जीभ झडली असती का?

त्या रागातच मी एका खेपेला दीड शेर वाल सांगितले.

"गेल्या खेपेला शेर होता," जानी म्हणाली.

"गेल्या खेपेला तळ्यात मासे होते."

तोंडातून निघून गेलं. मागे पाण्यावर रांग धरून ते काळे पक्षी पुढे सरकत होते. ती म्हणाली, "मी तवा हसण्यावारी म्हटलं होतं, तुझ्या मागून आले म्हणून. खरंच तुझेच हायेत ते."

मी टोपली उचलली. या वेळी दहा पावलांवर थांबले नाही. मागून हाकही आली नाही. बोईसरचे रूळ ओलांडेपर्यंत मी मोठमोठ्याने तिच्याशी भांडत होते. गवताच्या गाड्यांवरची माणसं वळून बघत होती.

पंधरा दिवस मी त्या वाटेला गेले नाही. शिमगा झाला. दांडीत होड्यांना रंग चढला, नाच झाले, आणि मला सारखं वाटत होतं की आज कोणीतरी म्हणेल, ती वारलीण तुला विचारत आली होती. जशी काही ती दांडीला येणारच होती. शेवटी मीच निघाले. टोपलीवर जाळं. ओझं एवढं की मान वळवता येईना.

जानीच्या दाराला सुंभ बांधलेला होता आणि आडवी काटेरी फांदी लावलेली होती. वाळलेल्या करंजाच्या सावलीत, म्हणजे सावली अशी नव्हतीच, लाडक्याबाबा एकटा बसला होता.

"गेली," तो म्हणाला न म्हणाला अशा आवाजात बोलला. "भिवंडीकडं, वीटभट्टीवर. पोरी, माझा पोरगा, समदी."

"मला सांगितलं नाही?"

"तू कुठं होतीस?"

मी जाळं खाली टाकलं. त्याने ते हातात घेऊन ओढून पाहिलं. चांगलं होतं, चार-दोन जागीच फाटलेलं. "इचारलं होतं तवा आणायचं," तो म्हणाला.

"तिने परत विचारलं नाही."

म्हाताऱ्याने मान वर केली. "आमी एकदाच इचारतो, बाय. मागून मागून घ्यावं लागतं ते आमी सोडून देतो."

तळ्यावर एकही पाणकावळा नव्हता. खायला काही उरलं नव्हतं म्हणून तेही निघून गेले होते. पाणी मधे सरकलं होतं, काठाला चिखल भेगाळत होता, लव्हाळं तुडवलं जाऊन आडवं झालं होतं. तरी मी आणि लाडक्याबाबाने त्या कोपऱ्यात चार खुंट ठोकले आणि जाळं बांधलं. का बांधलं ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही. गुडघाभर चिखलातून बाहेर आल्यावर त्याने मला पाणी दिलं. जाळ्याच्या आत पाणी स्थिर होतं. मी खूप वेळ बघत होते. काही हललं नाही.

तो उन्हाळा मला माझ्या सगळ्या उन्हाळ्यांमध्ये सगळ्यांत लांब वाटतो. मी जात राहिले. म्हातारा एकट्यापुरते चार बोंबील घ्यायचा, भाव करायचा नाही, त्याला ती कला नव्हती. बाकीची घरंही एकेक करून बंद झाली होती. टोपली तशीच घेऊन मी बांधावर बसायची. तळं एवढं शांत असू शकतं हे मला माहीत नव्हतं. बुडी नाही, पंख नाही, खंड्याची किंकाळी नाही. वाऱ्याने वाळलेली कमळाची पानं एकमेकांवर घासायची तेवढंच. कोणीतरी यावं आणि माझे बोंबील काटक्या आहेत म्हणावं, असं वाटायचं. मी मनातल्या मनात दोघींचं बोलायची. तिच्या वाटणीचं बोलणं मला तिच्याइतकं चांगलं जमायचं नाही.

तळं पुढे सावरलं. हे त्या दुर्बिणवाल्या बाईला सांगायला हवं होतं. पावसात ओढ्याच्या पुरातून मासे परत चढले, लव्हाळं पुन्हा उभं राहिलं. पुढच्या हिवाळ्यात पाणकावळे आले ते थोडे आले, त्याच्या पुढच्या वर्षी थोडे जास्त. टिबुकल्या परतल्या, पण पलीकडच्या काठाला. खंड्याने विहीर सोडली नाही, तळ्यावर बसला तो नवीन कोणीतरी. करंज मेलाच. त्याच्या सांगाड्यावर पुढे बरीच वर्षं बगळ्यांचीही वस्ती होती. पाच-सहा वर्षं घासाघीस करून तळ्याने आणि पक्ष्यांनी मधे कुठेतरी जमवून घेतलं. ते बघते आणि मला वाटतं, एवढंच तर करायचं असतं. कोणी दहा पावलं जायचं, कोणी परत यायचं.

जानी त्याच वर्षी ज्येष्ठात परत आली. पावसाआधी घरोघरी सुक्या मासळीची साठवण होते ते दिवस, माझ्या धंद्याचे सगळ्यांत धावपळीचे. कळलं त्या दिवशी मी बाकीची गिऱ्हाईकं सोडून तिच्याकडे गेले. ती अंगणात शेण सारवत होती. भट्टीच्या धगीने चेहरा रापून निबर झाला होता, हाताच्या कातडीत विटेची लाली भरली होती. धाकटी पोर दारात झोपली होती, ढोपरांना जखमा होत्या. मला बघून जानी उठली, हात धुतले, तरट टाकलं. "बसा," म्हणाली.

वाटेत मी पुष्कळ काही ठरवून आले होते. जाळ्याचं सांगणार होते. भावजयीशी भांडल्याचं सांगणार होते. त्यातलं एकही मला सांगता आलं नाही. मला एकच गोष्ट येते, ती मी केली. टोपली उतरवली आणि तोंडाला येईल तो भाव सांगितला. "तीन शेर वाल," म्हटलं. एवढा भाव कोणी ऐकला नव्हता. पाड्यावरची कोणीही बाई असती तर तिने टोपली ओढ्यात टाकली असती. जानीने मला शिव्या घालाव्यात, माझ्या आईचा उद्धार करावा, काटक्या म्हणावं, म्हणून तो भाव होता. त्याहून मोठी माफी मला मागता येत नाही.

जानी आत गेली. मडकं सरकवल्याचा आवाज आला. ती सूप भरून वाल घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. वालांना राख लागलेली होती. बियाण्याला किडे लागू नयेत म्हणून लावतात ती.

"मोजून घ्या, बाई," ती म्हणाली.

तिने बोंबील उचलले, किती आहेत तेही पाहिलं नाही आणि आत जायला वळली. मी हाक मारली, "जाने." ती थांबली नाही. तिला ऐकू गेलं असेल, नसेलही गेलं. पहिल्या शब्दाला आलेलं "नाही" मी आयुष्यात कधी खरं धरलं नव्हतं. त्या दिवशी धरलं. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.